आधी बाग, मग घर

विश्रांतवाडीतल्या माझ्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने घेतलेली खुर्ची मी वीतभर सरकवली, तरी आजही छातीत धडधडायला लागतं. बायको म्हणते, डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांना काय दाखवणार? मी औषध कंपनीचा माणूस. मला लांबून पाहिलं की निम्म्या पुण्याचे डॉक्टर टेबलाखाली जाऊन बसतात. आणि हे दुखणं हृदयाचं नाहीच, ते मला बिबवेवाडीत लागलं.

बिबवेवाडीच्या एका जुन्या वसाहतीत बैठं घर आणि त्याच्या डोक्यावर मागाहून चढवलेली एक खोली, अशी ती वास्तू होती. लग्नाआधी काही वर्षं मी त्या खोलीत भाड्याने राहिलो. खाली मालकीणबाई एकट्याच. मी गोष्टी वाढवून सांगतो असा माझा लौकिक आहे, पण या बाईंच्या बाबतीत निम्मं कापून सांगावं लागतं, नाहीतर कोणी विश्वास ठेवत नाही. अंगाने अशा की वाऱ्यात उभ्या राहिल्या तर धुण्याचा चिमटा लावावा लागेल. आवाज मात्र असा की त्या खाली खाकरल्या की वर माझं दूध नासायचं. मी डेअरी बदलून पाहिली. दुसऱ्याही डेअरीचं दूध नासलं.

मी त्यांना काकू म्हणे. त्यांनी मला कधीच नावाने हाक मारली नाही. त्यांच्या लेखी मी ‘वरचे’ होतो. “अहो वरचे, बादली आपटू नका, तिला दुखत नसेल पण मला ऐकू येतं.” “अहो वरचे, काल आपल्याकडे पाहुणे आले होते की हत्ती?” आयुष्यभर एका सरकारी कचेरीत जमिनीचे नकाशे काढून निवृत्त झालेल्या. त्यामुळे वाकडी रेष आणि उशिरा आलेला माणूस यांना क्षमा नव्हती. घराच्या पुढच्या पायऱ्यांना कठडा नव्हता. मुलाने एकदा सुचवला, तर त्याला म्हणाल्या, “कठडा म्हाताऱ्यांच्या घराला असतो. इथे कोण म्हातारं आहे? तू?”

अशा या बाईंनी परीची बाग केली होती.

दारापुढच्या ओट्याच्या कट्ट्यावर जुन्या कूलरचा पत्र्याचा ट्रे ठेवलेला. त्यात माती. मातीवर अळीव पेरून उगवलेली हिरवळ, ती त्या नखं कापायच्या कात्रीने भादरायच्या. जेडच्या रोपाची एक फांदी खोचून केलेला आंबा, सब्जाचं रोप म्हणजे तुळस, खोबरेल तेलाच्या बाटलीचं झाकण म्हणजे पाण्याची टाकी. मधोमध आइसक्रीमच्या काड्यांच्या भिंतींचं घर. घराला छप्पर नाही. आत काडेपेटीचा पलंग, कोटाच्या बटणांची शेगडी, तुळशीबागेतून आणलेल्या भातुकलीतली दोन-चार भांडी. आणि दारात एक प्लास्टिकची परी, गुलाबी, डावा पंख तुटका.

बंगळूरच्या नातीला व्हिडिओ कॉलवर त्या ही बाग दाखवायच्या. नात विचारायची, “आजी, रूफ का नाही?”

“परी वरून उतरते. तिला छप्पर कशाला?”

“मग पाऊस?”

“पंख असतात ना. आणि परीच्या राज्यात कायदा कडक आहे. एकही वस्तू हलवायची तर आधी बागेत हलवायची, मग घरात. आधी बाग, मग घर. कायदा मोडला की परी रस्ता चुकते.”

नात टाळ्या पिटायची. मी जिन्यात उभा राहून ऐकायचो आणि मला वाटायचं, चला, बाईंना कुठेतरी पाझर आहे.

हा गैरसमज एका दुपारी फिटला. मी फिरतीवरून लवकर परतलो होतो. पायात नवी स्पंजची चप्पल, तिचा आवाज शून्य. फाटक उघडंच होतं. काकू कट्ट्यापाशी बसलेल्या. डोळे घट्ट मिटलेले. उजव्या हाताची दोन बोटं बागेत चालत होती. खरोखर चालत होती, एक बोट पुढे, मग दुसरं, माणसाच्या पायांसारखी. फाटकापासून निघाली, आंब्याला वळसा घालून नळापाशी थबकली, पायऱ्या चढली, आत गेली, बटणांच्या शेगडीपाशी उभी राहिली. आणि बाई पुटपुटत होत्या. “डावीकडे नळ. उंबरा. भिंत, भिंत, कोनाडा. इथे वरचे.”

‘वरचे’ म्हणजे मी. जिन्याच्या जागी त्यांनी किल्ल्यावरचा एक मावळा रोवला होता. भाला मोडलेला, पोट सुटलेलं. साम्य नाकारण्यात अर्थ नव्हता.

गावाकडे आमच्या शेजारी एक बाई पिठाच्या बाहुलीला टाचण्या टोचायची असं लहानपणी ऐकलं होतं. इथे तर बाहुली तयार होती, जागा ठरलेली होती, फक्त टाचणी यायची होती. मी मान हलवली, हात हलवला, अजून आपल्याच ताब्यात आहेत ना ते पाहिलं. तोवर काकूंनी डोळे उघडले, माझ्याकडे सरळ पाहिलं आणि काहीच न बोलता पुन्हा बागेतली माती दाबू लागल्या.

या बाईंनी मला पाहून टोमणा मारला नाही असं त्याआधी एकदाही घडलं नव्हतं. माझ्या मनात एकच विचार आला, आपण मेलो. येताना सातारा रोडवर एखाद्या ट्रकने उडवलं असणार, आणि आपल्याला कळलंच नाही. मी स्वतःची नाडी पाहिली. लागत होती, जरा जास्तच. मी हाक मारली, “काकू...”

त्या ताडकन उठल्या. हात पुढे धरला, चेहरा भलत्याच दिशेला. “कोण? कोण आहे?”

ज्या आवाजाने दूध नासायचं तो आवाज नव्हताच तो. विहिरीत पडलेल्या माणसाचा होता.

मग त्यांनी मला समोर बसवून सगळं सांगितलं, जमिनीच्या उताऱ्यासारखं सरळ. काचबिंदू. एक डोळा केव्हाच गेला. दुसऱ्याला पुंगळीतून पाहिल्यासारखं दिसतं, आणि पुंगळी रोज बारीक होते आहे. समोरचं टिचभर दिसतं, तेही धूसर. बाजूचं नाही, पायाखालचं नाही, कलत्या उजेडात तर काहीच नाही. गेलेलं परत येणार नाही, थेंबांनी उरलेलं जमेल तितकं टिकेल, असं डॉक्टर म्हणालेत. मी त्या थेंबांची नावं धडाधडा म्हणू शकलो असतो.

“मुलाला माहीत आहे?”

“त्याला कळलं तर तो दुसऱ्या दिवशी मला उचलून नेईल. चांगला आहे हो, तेच तर संकट आहे. चौदाव्या मजल्यावर राहतो. तिथे न्हाणीघराची कडी कुठल्या अंगाला आहे हे मला माहीत नाही. आता शिकायचं म्हटलं तर दिसत नाही.” त्यांनी बोट बागेतल्या उंबऱ्यावर ठेवलं. “अंधार यायचा तो येणार. पण तो माझ्या घरातला हवा. परक्या घरातला अंधार मला सोसायचा नाही.”

म्हणजे बाग नव्हतीच ती. सगळ्या घराचा नकाशा होता, बोटांना वाचता येईल असा. डोळ्यांत थोडा उजेड आहे तोवर त्या बोटांना घर पाठ करून देत होत्या. म्हाताऱ्या बाईने दिवसभर मातीत हात घालून बसायला काही निमित्त हवं, म्हणून परी.

“बाहेर बोललात तर खोली रिकामी करायची,” त्या म्हणाल्या. “आणि चेहरा असा करू नका.”

“तुम्हाला दिसतो?”

“तुमचा चेहरा ऐकू येतो. घाबरायचं असेल तर नीट घाबरा. अर्धवट घाबरलेला माणूस धांदरटपणा करतो.”

त्या दिवसापासून मी नीट घाबरायला लागलो. माझं सगळं आयुष्यच त्या ट्रेमध्ये जाऊन पडलं. स्कूटर कुठे लावायची, चपला कुठे काढायच्या, केरसुणी कुठे टेकवायची, सगळ्याला मंजुरी. नवी शू-रॅक आणली, तर काडेपेटीची प्रतिकृती सादर करावी लागली. ती त्यांनी चाचपली आणि परत दिली. “उंची जास्त आहे. खरं आणलंय तेवढंच दाखवा, फुगवून नको. तुमची सवय माहीत आहे मला.” शेजारचं मांजर एकदा ट्रेमध्ये ताणून झोपलं. काकूंची बोटं फाटकाशी पोहोचली आणि केसाळ डोंगराला अडली. दिवसभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. “मार्ग बंद आहे,” म्हणाल्या, आणि चक्क हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मांजरानेही पहिल्यांदाच पाहिलं असावं, ते पळून गेलं.

भीती मात्र उतरेना. कामावर असताना मला भास व्हायचा की मी बादली वाटेत ठेवून आलोय. एकदा कोंढव्याहून अर्ध्या वाटेतून परत आलो. बादली जागेवर होती. काकू म्हणाल्या, “तुम्ही जाताना मी चाचपून घेतली होती. तुमच्यावर माझा विश्वास कधी होता?”

त्या वर्षी दिवाळीला मुलाचा फोन आला. सून-नातीला जमत नाही, मी एकटा येतोय, चांगला मुक्काम करतो, निवांत बोलू. ‘निवांत बोलू’ ऐकून काकूंच्या हातातली कात्री खाली पडली. मागच्या खेपेला तो निवांत बोलला होता तेव्हा सोबत मजुरांच्या दरासकट सामान हलवणाऱ्यांची चौकशी करून आला होता.

आम्ही तालीम केली. मी मुलगा झालो. “आई, चहा दे.” त्या शेगडीपाशी जाऊन कप घेऊन आल्या आणि मी ज्या खुर्चीवर होतो त्याच्या शेजारच्या खुर्चीला चहा दिला. “बोलत राहा की,” मलाच ओरडल्या. “मुका मुलगा जन्माला घातलेला नाही मी.”

पण मुलगा मुकाच निघाला. उंच, नीटनेटका, बोलायला लागला तर शब्दाला कर बसतो की काय असा. आला, पाया पडला, बॅग भिंतीला लावून ठेवली. पहिल्या दिवशी त्याने स्टूल ओट्याच्या मध्यावर आणून ठेवलं आणि काकूंची नडगी त्यावर आपटली. “हे इथे कोणी आणलं?” त्या करवादल्या. “लक्षात नाही आलं माझ्या,” तो म्हणाला, आणि स्टूल जागेवर ठेवलं. बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला, स्टुलाकडे. त्यानंतर त्याचे बूट कायम बाकाखाली, टाचा भिंतीला टेकलेल्या. मला वाटलं, शिस्त आईची आहे.

मी सुट्टी टाकून घरीच होतो, पहाऱ्यावर. दिवाळीत वजन वाढतं, माझं त्या दिवाळीत उतरलं. चकली तोंडात घातली तरी तिचा आवाज मोठा वाटायचा.

नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी मुलगा म्हणाला, “आई, कोपऱ्यावरच्या देवळात जाऊन येऊ.” काकू लुगडं बदलायला आत गेल्या. मी गॅलरीतून खाली पाहिलं आणि कठड्याला धरूनच बसलो.

पायऱ्या आणि फाटक यांच्या बरोब्बर मध्ये किल्ला उभा होता.

शेजारच्या पोरांच्या अंगणात फरशी बसवली होती, म्हणून त्यांनी सकाळी काकूंची परवानगी काढलेली. काकू म्हणाल्या होत्या, करा, पण भिंतीला लागून. भिंतीशी ऊन येत नाही, अळीव उगवणार नाही, असा शहाणा विचार करून पोरांनी, दुपारी पहाऱ्यावरच माझा डोळा लागला तेवढ्यात, किल्ला वाटेवर आणला. माती, पोती, विटा, कमरेएवढा उंच. तेवढ्या लगबगीत त्या सैन्यापैकी कुणाला परीच्या राज्याचा कायदा माहीत असणार? आणि दिवेलागण झालेली. आकाशकंदिलाच्या लाल उजेडात त्या बाईला हाताचं बोटही दिसणार नव्हतं.

मी जिना कसा उतरलो ते आठवत नाही. बहुधा उतरलोच नाही, पडलो. किल्ल्याच्या पायथ्याची मूठभर माती ओरबाडली आणि कट्ट्याकडे आलो. ट्रेच्या शेजारी मुलगा फोन पाहत बसलेला. त्याच्या समोर मी पायऱ्या आणि फाटक यांच्यामध्ये मातीचा गोळा थापायला लागलो. हात इतके थरथरत होते की बुरूज आपोआप होत होते.

“काय करताय?” त्याने विचारलं.

“परीला किल्ला.”

“परीच्या बागेत किल्ला?”

“पुण्यातली परी आहे,” मी म्हणालो. “दिवाळीत तिलाही हौस असणार.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग अंगणातल्या किल्ल्याकडे, मग पुन्हा ट्रेकडे. मी आत तोंड करून ओरडलो, “काकू, बागेत किल्ला केलाय हो. निघायच्या आधी बघून घ्या.”

काकू बाहेर आल्या. तोंडावर रेषही हलली नाही. ट्रेशी वाकल्या, दोन बोटं पायऱ्यांवरून उतरली, गोळ्याला अडली, भोवती फिरली, उजव्या अंगाने फाटकाशी निघाली. “बुरूज वाकडा आहे,” म्हणाल्या. “कुठल्या गवंड्याने केला?”

“मीच.”

“वाटलंच.”

आणि निघाल्या. मी पाहत होतो. पायऱ्या उतरल्या, मान ताठ, पदर आवरून किल्ल्याच्या उजव्या अंगाला वळल्या, बोटं वळली होती तश्शाच. माझा श्वास सुटणार तेवढ्यात मला ते दिसलं. त्याच उजव्या अंगाला पोरांनी नुकतंच पाण्याने भरलेलं घमेलं आणून ठेवलं होतं. किल्ल्याचा तलाव. तो माझ्या बागेत नव्हता.

ओरडावं तर सगळं उघडं पडणार. न ओरडावं तर बाई तोंडावर. मी ट्रेचा काठ घट्ट धरला. मुलगा त्यांच्या अर्धं पाऊल मागे, फोनमध्ये मान घातलेली. मान वर न करता त्याने डावा पाय लांबवला आणि ते घमेलं अलगद बाजूला सारलं. पाणी हिंदकळलं. “काय वाटेत ठेवतात ही पोरं,” एवढंच पुटपुटला आणि फाटक उघडलं. काकू सरळ बाहेर गेल्या.

मी ओट्यावर बसलो. त्या वेळी मला वाटलं, नशीब. आजची वेळ निभावली.

भाऊबीजेच्या दिवशी जेवण करून मुलगा गेला. बंगळूरचा विषय त्याने काढलाच नाही. मी विजयाच्या आनंदात उरलेला चिवडा फस्त करत होतो, पण काकू अस्वस्थ होत्या. “निवांत बोलू म्हणाला होता,” त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. “बोलला का नाही? माझं काय चुकलं?” मग सवयीने कट्ट्याशी बसल्या आणि बोटं बागेत सोडली.

फाटकापासून निघाली बोटं, किल्ल्यापाशी आली, आणि थांबली. काहीतरी लागलं होतं. काकूंनी ते चिमटीत धरलं, मग हळूहळू पुढे सरकवत नेलं.

“अहो वरचे, हे तुम्ही केलंत?”

मी वाकून पाहिलं. फाटकापासून किल्ल्याला वळसा घालून पायऱ्यांपर्यंत आणि पायऱ्यांच्या कडेने वर, थेट उंबऱ्यापर्यंत, जळालेल्या उदबत्त्यांच्या काड्या रोवलेल्या. सारख्या उंचीच्या, सारख्या अंतरावर, एकही वाकडी नाही. आणि सगळ्यांना गुंफून ताणून बांधलेला जाड दोरा. परीच्या कमरेपेक्षा थोडा वर. बरोब्बर हात टेकेल असा.

“नाही,” मी म्हणालो. “माझी रेष इतकी सरळ येत नाही.”

काकू दोऱ्यावर बोट ठेवून बसून राहिल्या. घमेलं, स्टूल, भिंतीला टेकलेल्या टाचा, सगळं माझ्या डोक्यात एकदम जागेवर बसलं, आणि त्यांच्याही बसलं असणार, कारण त्या अगदी लहान आवाजात म्हणाल्या, “म्हणजे कळलंय त्याला.”

“आता काय होणार?” मी विचारलं. मला स्वच्छ दिसत होतं, उद्या ट्रक येणार, काड्यांचं घर मोडणार.

“आधी बाग,” काकू म्हणाल्या, आणि बोट पुन्हा फाटकापाशी नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखरच गाडी आली. मी वरून पाहिलं आणि धावत खाली आलो. पण तो छोटा टेम्पो होता आणि त्याच्यात लोखंडी पाइप होते. फॅब्रिकेशनवाला खाली उतरून पायऱ्यांकडे पाहत उभा राहिला. “साहेबांनी बंगळूरहून सांगितलंय. फाटकापासून दारापर्यंत कठडा. किती उंच, कुठून वळवायचा, ते म्हणाले आईंना विचारा.”

मी वाट पाहत होतो की काकू आता खाकरतील, आणि निम्म्या बिबवेवाडीचं दूध नासेल. कठडा म्हाताऱ्यांच्या घराला असतो.

त्या कट्ट्यापाशी बसलेल्याच होत्या. दोन बोटं दोऱ्याला धरून पायऱ्या चढत होती, सावकाश, पहिल्यांदाच न चाचपता.

“टेप मागाहून काढा,” त्या म्हणाल्या. “आधी इकडे या आणि हे बघा. आणि वाटेत उभे राहू नका, तिथून मी जाते.”